सजीव देहाचे चार घटक

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील बालाघाटच्या उतारांवर सीताफळें डोळे उघडूं लागतात. पाट्या भरभरून तीं धारूर, बीड, अंबाजोगाईच्या बाजारांत येतात आणि तेथून शहरांतल्या घराघरांत पोंचतात. २०१६ सालीं बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. याच दिवसांत त्याच डोंगरांच्या कुशींतील वाड्यांवरून आणि तांड्यांवरून माणसांचीहि एक रांग बाहेर पडते. ती ऊंसतोडीच्या टोळ्यांची. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ असा तिकडे हिशेब असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याकरितां हे कोयते पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा तोंडावर आल्याखेरीज गांवीं परतत नाहींत. घरीं राहतात म्हातारीं माणसें आणि कांहीं शाळकरी मुलें.

सीताफळ, ऊंस आणि ऊंस तोडणाऱ्याचा हात या तिहींत वरवर पाहतां कांहीं साम्य नाहीं. परंतु तिन्हींचा बारीक भाग सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर सर्वत्र एकच रचना दिसते, ती पेशीची. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं बुचाच्या पातळ कापांत हे कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ म्हणजे खोली हें नांव दिलें. या खोलींत शेंकडा सत्तरच्या आसपास पाणीच असतें. पाणी आणि थोडे क्षार वगळले म्हणजे जें उरतें, त्याचा बहुतेक सारा भाग चार प्रकारच्या रेणूंचा बनलेला असतो. कर्बोदकें, मेद, प्रथिनें आणि न्यूक्लिइक आम्लें हे ते चार प्रकार होत. सीताफळाच्या झाडांत हेच चार, गुलाबी बोंडअळींत हेच चार, आणि माणसाच्या मेंदूंतहि हेच चार.

हे घटक ज्या मूलद्रव्यांपासून घडतात, त्यांतील कांहींचीं नांवें शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. कारण खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. साखर, पिष्ट, तेल आणि तूप यांत कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु एवढींच मूलद्रव्यें आहेत. प्रथिनांत यांच्या जोडीला नत्र येतो व थोडा गंधकहि येतो. न्यूक्लिइक आम्लांत नत्राबरोबर स्फुरद असतो. हा भेद दिसावयास लहान असला तरी त्याचा परिणाम घरोघरच्या ताटापर्यंत पोंचतो. साखरेंत नत्र नाहीं. म्हणून साखर कितीहि खाल्ली तरी तेवढ्यावर रक्त चढत नाहीं आणि स्नायू बांधला जात नाहीं. एका घटकाचें काम दुसऱ्यानें करावें अशी सोय निसर्गानें फार थोड्या ठिकाणीं ठेविली आहे.

प्रथम कर्बोदकें घ्यावीं. झाडावरून उतरविलेलें कठीण सीताफळ दोन-तीन दिवस गवतांत किंवा कणगींत ठेवलें कीं मऊ आणि गोड होतें. ही गोडी बाहेरून येत नाहीं. कच्च्या फळांत जें पिष्ट साठविलेलें असतें, त्याच्या लांब सांखळ्या तुटून त्यांच्या साखरा होतात. पिष्ट म्हणजे द्राक्षशर्करेचे, अर्थात् ग्लुकोजचे, शेंकडों-हजारों मणी एकापुढें एक ओंवून केलेली माळ. माळेला चव नाहीं. मणी मात्र गोड लागतात. याची प्रचीति घरबसल्या घेतां येते. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घांस तोंडांत घेऊन तो न गिळतां बराच वेळ चावीत राहिलें, तर तो हळूहळू गोडसर लागूं लागतो. लाळेंतील एक विकर माळ तोडूं लागतो, त्याचें हें फळ. भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला तर तो निळाकाळा होतो. पिष्ट ओळखण्याची ही साधी खूण आहे. आयोडीन लागलेला तुकडा अर्थातच खावयाचा नाहीं.

ज्वारी आणि ऊंस हीं एकाच तृणकुळांतील भावंडें आहेत. दोघेंहि सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेंतील कर्बवायु यांपासून शर्करा घडवितात. ज्वारी ती दाण्यांत पिष्टाच्या रूपानें ठेवते, तर ऊंस कांड्यांत रसाच्या रूपानें ठेवतो. ऊंसाच्या साखरेच्या एका रेणूंत द्राक्षशर्करेचा एक आणि फलशर्करेचा एक असे दोन मणी जोडलेले असतात. हा जोड मोठा नाजूक असतो. ऊंस तोडला कीं त्याच्या स्वतःच्या पेशींतील विकर हा जोड सोडवूं लागतात आणि दाणेदार साखर होण्याजोगा भाग तासागणिक घटतो. कारखान्याच्या भाषेंत सांगावयाचें तर उतारा पडतो. म्हणून कारखान्याला तोडलेला ऊंस फडांत पडून राहिलेला चालत नाहीं. रात्रींअपरात्रीं मालमोटार फडावर येते आणि दिवसभर वाकून कोयता चालविलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढूं लागते. रेणूंतला एक जोड टिकवावयाचा म्हणून कोपींतल्या संसाराची झोंप मोडते. शहरांतल्या चहाच्या पेल्यांत जो चमचाभर गोडवा विरघळतो, त्याच्या मागें ही धांवपळ आहे.

याच द्राक्षशर्करेचे मणी थोड्या वेगळ्या रीतीनें जोडले कीं पिष्टाऐवजीं सेल्युलोज तयार होतें. बीड जिल्ह्यांतील काळ्या रानांत फुटणारा पांढराशुभ्र कापूस म्हणजे बहुतांशीं सेल्युलोजच. मणी तेच असतात, केवळ जोडण्याची दिशा बदललेली असते. आणि तेवढ्यानें अन्नाचें वस्त्र होतें. माणसाच्या पोटांत हा जोड सोडविणारा विकर नाहीं, म्हणून माणूस कापसावर किंवा कडब्यावर जगूं शकत नाहीं. बैलाच्या पोटांत असंख्य सूक्ष्मजीव त्याच्याकरितां हें काम करतात. ऊंसाचा रस कारखान्यांत जातो आणि शेंड्याचें वाढें बैलांपुढें पडतें. दोघांचेंहि पोषण शर्करेवरच होतें. माणसाच्या शरीरांतहि शर्करेचा थोडा सांठा यकृतांत आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपानें असतो. पहाटे रिकाम्या पोटीं कामाला लागणाऱ्या माणसाची पहिली शक्ति येथूनच येते. हा सांठा लहान असतो व लवकर सरतो.

दुसरा घटक मेद. एक ग्रॅम कर्बोदकापासून सुमारें चार किलो-उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम मेदापासून नऊ. थोड्या जागेंत पुष्कळ शिधा बांधून न्यावयाचा असेल तर निसर्ग तो तेलाच्या रूपानें बांधतो. बी म्हणजे प्रवासाला निघालेलें झाडच. म्हणून करडई, तीळ, शेंगदाणा, सरकी या सर्वांत तेल असतें. मराठवाड्यांत रब्बी ज्वारीच्या कडेनें कांटेरी करडईचे पट्टे पेरण्याची रीत जुनी आहे. गुरें कांट्यांना भितात, त्यामुळें कुंपणाचेंहि काम होतें. करडईच्या तेलांत लिनोलेइक आम्ल फार मोठ्या प्रमाणांत आहे. हें आम्ल मनुष्याच्या शरीराला अत्यावश्यक असून तें शरीराला स्वतः बनवितां येत नाहीं, अन्नांतूनच घ्यावें लागतें. थंडीच्या दिवसांत तूप थिजतें आणि करडईचें तेल मात्र पातळच राहतें, यांतहि रेणूंच्या घडणीचेंच कारण आहे. तुपांतील बहुतेक रेणूंचीं शेपटें सरळ असतात, तीं एकमेकांना चिकटून नीट रचलीं जातात. तेलांतील शेपटांना मध्येंच बांक असतो, म्हणून रचना जमत नाहीं.

परंतु मेदाचें सर्वांत मोठें कार्य शिध्याचें नसून कुंपणाचें आहे. मेदाचाच एक स्फुरदयुक्त प्रकार आहे. त्याच्या रेणूचें डोकें पाण्याशीं सलगी करतें आणि शेपूट पाण्यापासून पळतें. साबणाचा रेणुहि याच स्वभावाचा असतो. असे असंख्य रेणु पाण्यांत आले कीं ते आपण होऊन दोन पदरांत उभे राहतात; डोकीं बाहेरच्या अंगास, शेपटें आंत. हा दुपदरी पडदा म्हणजेच पेशीची सीमा. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारें दोन लाखाव्या भागाएवढी भरते. एवढ्या झिरझिरीत पडद्यानें पेशीचें घर बाहेरच्या जगापासून निराळें राखलें आहे. कोणाला आंत घ्यावयाचें आणि कोणाला बाहेर ठेवावयाचें, हें ठरविणारे दरवाजे या पडद्यांत बसविलेले असतात. ते दरवाजे मात्र प्रथिनांचे असतात.

स्वयंपाकघराच्या दृष्टीनें मेदाविषयीं आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें पाण्यांत न विरघळतां मेदांत विरघळतात. पालेभाजी किंवा गाजर यांतील पिवळें-केशरी द्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, तें थोड्या तेलाच्या संगतीनें अधिक चांगलें अंगीं लागतें. म्हणून तेलाची फोडणी ही केवळ चवीची चैन नाहीं. दुसरी गोष्ट सावधगिरीची. सीताफळाच्या बियांत मेदाम्लांपासून घडलेलीं कांहीं विषारी द्रव्यें असतात व तीं कीटकांना मारतात. या गुणामुळें बियांची पूड डोक्यांतील उवांवर लावण्याची चाल पडली. ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. मुलांच्या डोक्याला ती कधींहि लावूं नये.

तिसरा घटक प्रथिन. कर्बोदकांचे मणी बहुधा एकसारखे असतात. प्रथिनांच्या माळेंत मात्र वीस तऱ्हांचे मणी येतात. त्यांना अमिनो आम्लें म्हणतात, आणि प्रत्येकांत नत्र असतो. देवनागरीच्या थोड्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द होतात, तशीं या विसांतून असंख्य प्रथिनें होतात. माळ ओंवून झाली कीं ती विशिष्ट रीतीनें दुमडते आणि त्या घडीवरच तिचें कार्य अवलंबून असतें. अंड्याचा पातळ बलक उकळतांना पांढरा घट्ट होतो, किंवा दुधांत लिंबू पिळतांच तें नासतें, तेव्हां प्रथिनांची ही घडी बिघडलेली किंवा विस्कटलेली असते. केंस, नखें, स्नायू, लाळेंतील आणि ऊंसांतील विकर, रोगजंतूंशीं लढणारीं द्रव्यें हा सारा प्रथिनांचाच पसारा होय.

या पसाऱ्यांत रक्तांतील हिमोग्लोबिनचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्याच्या एका रेणूंत चार सांखळ्या असून सर्व मिळून ५७४ अमिनो आम्लें असतात, आणि मध्यें लोहाचे अवघे चार अणु. या चार अणूंवरच फुप्फुसांतला प्राणवायु स्वार होतो व शरीरभर पोंचतो. एकेका तांबड्या पेशींत असे सुमारें सत्तावीस कोटी रेणु असतात. आतां हें उघड आहे कीं अन्नांत लोह कमी पडलें, अथवा सांखळी ओंवण्यास अमिनो आम्लें कमी पडलीं, तर प्राणवायूची वाहतूक मंदावते. माणूस थकतो, धाप लागते, डोळ्यापुढें अंधारी येते. अशा माणसाला गोड चहा पाजला तर क्षणभर हुशारी वाटेल. परंतु साखरेंत नत्र नाहीं आणि लोहहि नाहीं. थकव्याचें मूळ जेथें आहे तेथपर्यंत ती पोंचतच नाहीं.

मनुष्याचें शरीर वीसपैकीं नऊ अमिनो आम्लें स्वतः बनवूं शकत नाहीं. तीं अन्नांतून यावीं लागतात. येथें भाकरी आणि वरण यांच्या जोडीचें मर्म कळतें. ज्वारींत शेंकडा दहाच्या आसपास प्रथिन आहे, पण त्यांत लायसिन हें अमिनो आम्ल तोकडें पडतें. तुरीच्या डाळींत शेंकडा बावीसच्या आसपास प्रथिन आहे. त्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. मेथिओनिनची उणीव ज्वारी भरून काढते आणि लायसिनची तूर. दोहोंच्या मेळानें जें प्रथिन मिळतें, तें एकट्या भाकरीनें किंवा एकट्या डाळीनें मिळत नाहीं. तुरीजवळ हा नत्र कोठून आला? तिच्या मुळांवर लहान गांठी असतात आणि त्यांत राहणारे जीवाणु हवेंतला नत्र पकडून झाडाच्या उपयोगाला आणतात. हवेंत चार-पंचमांश भाग नत्रच आहे, पण माणसाला तो श्वासांतून वापरतां येत नाहीं; तुरीच्या मुळांतून आणि डाळीच्या वाटींतूनच तो त्याच्यापर्यंत येतो.

डाळींच्या या प्रथिनांचा अभ्यास करण्यांत एका मराठी स्त्रीचा वांटा मोठा आहे. कमला भागवत, पुढें कमला सोहोनी, या विदुषी दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ सालीं त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हां केवळ स्त्री असल्यामुळें सर सी. व्ही. रामन यांनीं त्यांना नकार दिला. त्या मागें हटल्या नाहींत. अखेर कांहीं अटींवर प्रवेश मिळाला आणि दूध, कडधान्यें यांतील प्रथिनांवर त्यांनीं तेथें संशोधन केलें. पुढें केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या प्रथिनाचा शोध घेऊन १९३९ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. विज्ञानांत हा मान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या विज्ञान संस्थेंत त्यांनीं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं असें दाखविलें कीं आपल्या कडधान्यांत पचनक्रियेंतील ट्रिप्सिन या विकराला अडविणारीं द्रव्यें असतात. हीं द्रव्यें उष्णतेनें पुष्कळशीं निष्प्रभ होतात. डाळ बोटचेपी शिजली पाहिजे असा जो घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा आग्रह असतो, त्याला प्रयोगशाळेंतूनहि असा दुजोरा मिळाला. सोहोनींचें निधन १९९८ सालीं झालें.

आतां चौथा घटक, न्यूक्लिइक आम्ल. वीस तऱ्हांचे मणी कोणत्या क्रमानें ओंवावयाचे, हें पेशीला कोण सांगतें? १८६९ सालीं फ्रीडरिक मीशर या तरुण स्विस शास्त्रज्ञानें रुग्णालयांतून आणलेल्या जखमांच्या पट्ट्यांवरील पुवांतून, पेशीच्या केंद्रकांत असणारें एक स्फुरदयुक्त द्रव्य वेगळें काढलें. आज त्याला डीएनए म्हणतात. त्याचें महत्त्व कळावयास पाऊणशें वर्षें जावीं लागलीं. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं, रोझॅलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचाहि आधार घेऊन, त्याची पिळदार दुपदरी रचना मांडली. दोन पदरांमध्यें चारच अक्षरांच्या जोड्या असतात. एका पदरावरील अक्षरांवरून दुसरा पदर तंतोतंत लिहून काढतां येतो. माणसाच्या एका पेशींतील डीएनएचा धागा उलगडला तर तो सुमारें दोन मीटर लांब भरेल. त्यांतील मजकुराची कामापुरती नक्कल आरएनए हा दुसरा रेणु घेतो. तीन तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि बहुतेक प्रत्येक शब्द एका अमिनो आम्लाची आज्ञा देतो. हा शब्दकोश उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९६८ सालीं या कार्याबद्दल इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

या मजकुरांतील एक अक्षर चुकलें तर काय होतें, याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. पूर्व विदर्भांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका सांखळींत सहाव्या जागीं एक अमिनो आम्ल बदललेलें असतें, आणि त्याचें कारण डीएनएमधील एका अक्षराचा फेर. हा फेर आईबाप दोघांकडूनहि आला तर तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला जीवघेण्या वेदना होतात.

दुसरा दाखला बीडच्या कापसाचा. मातींत राहणाऱ्या एका जीवाणूजवळ अळीच्या आंतड्यांना छिद्रें पाडणारें प्रथिन असतें. तें घडविण्याची आज्ञा कापसाच्या डीएनएमध्यें घालून केलेल्या बीटी वाणाला २००२ सालीं भारतांत परवानगी मिळाली. एका सजीवाची लिपी दुसऱ्याला वाचतां येते, म्हणूनच हें शक्य झालें. परंतु अळीजवळहि डीएनए आहे. ज्या थोड्या गुलाबी बोंडअळ्यांच्या मजकुरांत असा कांहीं फरक होता कीं तें प्रथिन त्यांच्या आंतड्याला चिकटूंच शकत नव्हतें, त्या वांचल्या आणि त्यांचीच संतति वाढली. २०१७ च्या हंगामांत मराठवाड्यांत आणि विदर्भांत बोंडें फोडतांच आंत अळी निघाली व शेतकऱ्याच्या तोंडचा घांस गेला. न्यूक्लिइक आम्ल ही केवळ प्रयोगशाळेंतील वस्तु नाहीं; तिच्या एका अक्षरावर एखाद्या घराचें वर्ष अवलंबून असूं शकतें.

असे हे चार घटक. कर्बोदक इंधन पुरवितें, मेद कुंपण घालतो व शिधा सांठवितो, प्रथिन अंग बांधतें आणि काम करतें, न्यूक्लिइक आम्ल पुढच्या पिढीकरितां लिहून ठेवतें. यांपैकीं जास्तीच्या साखरेचा मेद होऊं शकतो. म्हणून बैठें काम करणाऱ्या शहरवासीयाच्या अंगावर पेढे चरबी होऊन बसतात. परंतु साखरेचें वा तेलाचें प्रथिन होण्यास नत्र लागतो आणि तो अन्नांतल्या प्रथिनांतूनच आणावा लागतो. उलट, शरीराला इंधन अपुरें पडलें तर तें आपलेंच प्रथिन जाळावयास घेतें. तेव्हां कष्टकऱ्याचें स्नायुबल त्याच्याच चुलींत जळतें, असें म्हटलें तरी चालेल.

हें ज्ञान शासनाच्या एका नियमांतहि उतरलेलें आहे. शाळेंत दुपारीं जें जेवण मिळतें, त्यांत प्राथमिक वर्गाच्या मुलाला ४५० किलो-उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिन, तर उच्च प्राथमिक वर्गाच्या मुलाला ७०० किलो-उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिन मिळावें असें ठरविलेलें आहे. हे दोन आंकडे वेगळे मांडले आहेत, कारण नुसता भात वाढवून पहिला आंकडा गांठतां आला तरी दुसरा गांठतां येत नाहीं. बीड जिल्ह्यांत ऊंसतोडणाऱ्यांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें चालवितात, तीं मुलें गांवांतच राहून शिकावीं म्हणून. तेथील आमटी किती पातळ आणि डाळ किती, हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाक्याचा आहे. खरें पाहतां त्या मुलाच्या उंचीचा, रक्ताचा आणि पाटीवर टिकणाऱ्या लक्ष्याचा तो प्रश्न आहे.

मोठ्यांचीहि स्थिति निश्चिंत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. यांत शहरांतल्या सुखवस्तु घरांतील स्त्रियाहि आल्या. फडावर पहाटे चहा आणि दुपारीं भाकरीशीं चटणी, एवढ्यावर दिवस काढणारी बाई आणि शहरांत सर्वांचें वाढून झाल्यावर उरलेल्या भातावर जेवण आटोपणारी गृहिणी, या दोघींच्या रक्ताची तक्रार पुष्कळदां सारखीच असते. रक्त कमी होण्यास जंत, अति रक्तस्राव, वारंवार बाळंतपणें, अशीं इतरहि कारणें आहेत आणि त्यांसाठीं डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे. पण ताटाचें कारण घरच्या घरीं दूर करतां येतें.

त्याला खर्चिक औषध लागत नाहीं. भाकरीबरोबर घट्ट वरण, मटकीची उसळ किंवा हुलग्याचे शेंगोळे. हिंवाळ्यांत बाजरीची भाकरी आणि तीळ. आठवड्यांतून अनेकदां पालेभाजी. आणि या सर्वांवर लिंबाची फोड. लिंबांतील क जीवनसत्त्वानें धान्यांतलें लोह अधिक शोषलें जातें, तर जेवणाला लागूनच घेतलेला चहा त्याला अडवितो. म्हणून चहा जेवणानंतर तासाभरानें घेणें बरें. जेथें मांसमच्छी किंवा अंडें चालतें तेथें त्यांची जोड उत्तमच. बीडच्या रानांत आज सोयाबीन पुष्कळ पिकतें. त्याच्या दाण्यांत शेंकडा चाळीसच्या आसपास प्रथिन असतें. परंतु तें गिरणीला जातें आणि तेल काढून राहिलेली पेंड बहुतांशीं कोंबड्यांच्या व गुरांच्या वांट्याला येते. पिकविणाऱ्याला डाळ मात्र दुकानांतून मोजून आणावी लागते. शेतांत कापसाच्या ओळींमधून तुरीची एक ओळ घालण्याची जुनी पद्धत अजूनहि कित्येकांनीं सोडलेली नाहीं. घरच्या डाळीपुरती ती ओळ मोलाची आहे.

मार्च-एप्रिलचें ऊन तापूं लागलें कीं कोयते बालाघाटाकडे परत फिरतात. सहा महिने त्यांनीं जें तोडलें, तें साखरेच्या रूपानें देशभर वांटलेलें असतें. त्यांच्या हातांत त्या साखरेचे पैसे थोडे, आणि अंगांत झीज पुष्कळ. ती झीज साखरेनें भरून निघणारी नाहीं. तिला डाळीचा नत्र पाहिजे, भाजीचें लोह पाहिजे, करडईच्या तेलाचा थेंब पाहिजे, आणि विश्रांति पाहिजे. शहरांतल्या घरीं पुढच्या वेळीं बीडचें सीताफळ फोडलें जाईल, तेव्हां त्या एका फळांत हे चारहि घटक मुलांना दाखवितां येतील : गरांतली शर्करा, सालींतलें सेल्युलोज, बियांतलें तेल आणि प्रथिन, आणि त्याच बियांत, नवें झाड कसें उभारावयाचें हें लिहून ठेवलेला तो दुपदरी धागा. तेवढ्यांतच, तें फळ ज्या डोंगरांतून आलें त्या डोंगरांतल्या माणसांच्या ताटांत या चारांपैकीं काय कमी पडतें, हेंहि त्यांना सांगतां येईल.